शहापुरातील मणी ओवण्याचा वर्ग आणि न ओवलेली लाल-पांढरी माळ

निपाणीहून बेळगाव सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे, आणि मणी ओवायला शिकण्यासाठी एवढा प्रवास करणाऱ्या साठीच्या बाईकडे घरची माणसे ज्या नजरेने पाहतात ती मी दोन दिवस सोसली. बेळगावच्या शहापूर भागातील एका बोळात, खाली साड्यांचे दुकान असलेल्या घराच्या माडीवर, मंगळसूत्रे आणि काळी पोत ओवून देणाऱ्या एक कारागीर बाई महिन्यातून एकदा दोन दिवसांचा वर्ग घेतात. गल्लीतील लहानथोर सगळे त्यांना मावशी म्हणतात, म्हणून येथेही मी तेच संबोधन ठेवते. वर्गाचे पत्रक त्यांच्या मुलाने छापले आहे. त्यावर ‘आफ्रिकन अध्यात्मिक माळा स्वतःच्या हाताने बनवा’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे (शुद्धलेखन त्याचेच), आणि खाली कोणत्या रंगाची माळ घातल्याने धन, संतती किंवा परीक्षेतील यश मिळते याचा तक्ता दिला आहे. शुल्क १,८०० रुपये असून त्यात एका माळेचे मणी, दोरा, सुई आणि दोन्ही दिवसांचे दुपारचे जेवण येते.

शिकवण्याच्या पद्धतीला मी पूर्ण गुण देते, पत्रकाला मात्र काठावरही उत्तीर्ण करणार नाही. सुदैवाने पत्रकातील एकही दावा मावशी स्वतःच्या तोंडाने उच्चारत नाहीत. कोणी तक्त्याबद्दल विचारलेच, तर ‘ते पोराला विचारा’ म्हणून सुईत दोरा घालू लागतात.

हा वर्ग सुरू होण्याचे निमित्त त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. काही वर्षांपूर्वी परदेशातून सुटीला आलेल्या एका मुलीने बाजारातून घेतलेली आणि तुटलेली निळी-पांढरी माळ पुन्हा ओवण्यासाठी त्यांच्याकडे आणली होती. सात निळे, सात पांढरे, पुन्हा सात निळे असा क्रम कोठेही न चुकता शेवटपर्यंत गेलेला पाहून, हा हिशेब कोणाचा, असे मावशींनी विचारले. त्या मुलीने जे सांगितले ते त्यांनी वहीत उतरवून घेतले, पुढे भाच्याच्या मदतीने वाचून त्यात भर घातली, आणि तीच वही आता वर्गात हातोहात फिरते. वहीतील मजकूर मी घरी येऊन ताडून पाहिला. तो बहुतांशी बरोबर आहे.

या माळांचे मूळ योरुबा लोकांत, म्हणजे आजच्या नैर्ऋत्य नायजेरियात आणि शेजारच्या बेनिन देशात आहे. त्यांच्या देवतांना ओरिशा म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात हजारो योरुबा माणसे गुलाम म्हणून क्यूबा आणि ब्राझीलमध्ये नेली गेली, आणि तेथे त्यांनी आपल्या देवता कॅथलिक संतांच्या आडोशाने सांभाळल्या. क्यूबात गुलामगिरी १८८६ मध्ये आणि ब्राझीलमध्ये १८८८ मध्ये संपली, तोवर गळ्यातील मण्यांच्या रंगांचा आणि अंकांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत झालेला होता. क्यूबातील लुकुमी, म्हणजे योरुबा मुळाच्या, धर्मपरंपरेत अशा माळेला एलेके म्हणतात. समुद्राची माता येमाया हिचा रंग निळा-पांढरा आणि अंक सात, नदीची देवता ओशुन हिचा पिवळा आणि पाच, मेघगर्जनेचा स्वामी चांगो याचा लाल-पांढरा आणि सहा, शुभ्र ओबाताला याचा पांढरा आणि आठ, वाटा उघडणारा एलेगुआ याचा लाल-काळा आणि तीन. घराण्याघराण्यांत यात थोडाफार फरक पडतो, जसा आपल्याकडे कुळाचारात पडतो.

वहीतील सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र रंगांची नाही. एलेके कोणीही विकत घेऊन गळ्यात घालावी अशी वस्तू नसते. दीक्षा घेतलेला ज्येष्ठ ती ओवतो, वनस्पतींच्या पाण्याने धुतो, विधिपूर्वक दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, आणि त्यानंतर त्या दोघांचे नाते गुरू-शिष्याच्या जवळ जाणारे असते. झोपताना आणि स्नानाच्या वेळी ती काढून ठेवण्याचे नियमही आहेत. मावशींनी वर्गाच्या सुरुवातीलाच आम्हा सातजणींना स्पष्ट सांगितले की, येथे जी माळ होईल ती केवळ रंग आणि मोजणी घेतलेली माळ असेल, तिला एलेके म्हणू नये. पत्रकातील ‘अध्यात्मिक’ हा शब्द त्यांनी या एका वाक्यात निकालात काढला.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते, कारण पैसे त्याचेच घेतले जातात. पहिल्या दिवसाचा निम्मा वेळ मणी निवडण्यात जातो, आणि ज्यांना झटपट माळ हवी असेल त्यांना येथेच कंटाळा येईल. पितळी ताटात ओला करून पिळलेला पंचा पसरायचा, त्यावर मणी ओतायचे, आणि तांदळातले खडे वेचावेत तसे जाड, चपटे, तिरक्या भोकाचे आणि अर्धवट फुटलेले मणी बाजूला काढायचे. पंचामुळे मणी घरंगळत नाहीत. मी घरी इतकी वर्षे रुद्राक्ष आणि स्फटिकाच्या माळा ओवते, पण गुळगुळीत ताटात घरंगळणाऱ्या मण्यांमागे धावण्यात किती वेळ घालवला हे मला त्या दिवशी कळले. काचमण्यांचे नंबर सुताच्या नंबरासारखे उलटे चालतात, म्हणजे नंबर वाढेल तसा मणी बारीक होतो: ११ नंबरचा मणी रुंदीला साधारण २ मिलिमीटरचा आणि ८ नंबरचा साधारण ३ मिलिमीटरचा, भोकाच्या दिशेने मात्र त्याहून आखूड. वर्गात ८ नंबर देतात. साठीच्या डोळ्यांना तोच बरा.

मण्यांच्या बाबतीत मावशींचा प्रामाणिकपणा मला विशेष आवडला. एका बाईने, हे मणी घानाचे का, असे उत्साहाने विचारले, तेव्हा त्यांनी पिशवीवरील चिठ्ठी दाखवली. निळे आणि पांढरे मणी उत्तर प्रदेशातील पुर्दिलनगरचे होते. हाथरस जिल्ह्यातील हे गाव काचमण्यांसाठी प्रसिद्धच आहे. घानातील क्रोबो लोकांचे मणी त्यांच्याकडे केवळ दाखवण्यापुरते अकरा आहेत, आणि ते वेगळे का दिसतात हे त्यांनी हातात देऊन समजावले. तेथे काचेच्या बाटल्या कुटून पूड करतात, ती मातीच्या साच्यात भरतात, मध्ये कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात आणि भट्टीत घालतात. देठ जळून जातो आणि त्याच्या जागी भोक उरते. त्यामुळे त्या मण्याचा पृष्ठभाग थोडा खरबरीत आणि भोक किंचित ओबडधोबड असते. ‘घानाचा’ म्हणून कोणी अगदी गुळगुळीत, एकसारखा मणी पुढे केला तर शंका घ्यावी.

लाल मण्यांची परीक्षा हाही उपयुक्त भाग होता. अंगचीच लाल काच करणे खर्चाचे असल्याने स्वस्त लाल आणि गुलाबी मणी बऱ्याचदा वरून रंगवलेले असतात, आणि बेळगावच्या उन्हाळ्यात असा रंग घामाबरोबर ब्लाउजवर उतरतो. म्हणून पाच-सहा मणी साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवायचे आणि सकाळी पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून पाहायचे. पहिल्या दिवशी संध्याकाळी भिजवलेल्या तीन नमुन्यांपैकी एकाने दुसऱ्या दिवशी फडके चक्क गुलाबी केले, तेव्हा ती पुडी मावशींनी सर्वांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली.

ओवण्याचे तंत्र दुसऱ्या दिवशी. मेण लावलेला दुहेरी दोरा, तारेची बारीक सुई, आणि सात-सातचा क्रम. चौदा मण्यांचा एक फेरा धरला तर चोवीस फेऱ्यांत ३३६ मणी होतात आणि ८ नंबरच्या मण्यांची सुमारे ६७ सेंटिमीटरची सर तयार होते, जी फाशाशिवाय डोक्यावरून सहज उतरते. हा हिशेब मावशी फळ्यावर मांडत नाहीत. त्या मंगळसूत्राचे मणी ज्या लयीत मोजतात त्याच लयीत, कधी मराठीत तर कधी कन्नडमध्ये, मोजत जातात, आणि आमच्यातील दोघी ‘एळु’ म्हणूनच सातावर थांबत होत्या. सर फार ताणून गाठ मारली की माळ काठीसारखी ताठ राहते आणि मण्यांच्या धारदार कडा दोरा कापतात, म्हणून शेवटी एका मण्याएवढी ढील ठेवायची, दोन वेढ्यांची गाठ मारायची आणि दोऱ्याची टोके दोन्ही बाजूंच्या सात-सात मण्यांतून परत ओवून मगच कापायची. माझी पहिली माळ एकोणिसाव्या फेऱ्यात चुकली. आठ निळे गेले होते. मावशींनी जादा मणी पकडीने फोडून ती दुरुस्त करू दिली नाही. तेथपर्यंत उसवून पुन्हा ओवायला लावली. त्या वेळी राग आला, हे खरे.

आता त्या प्रसंगाविषयी, ज्यामुळे हे परीक्षण लिहायला घेतले. माझ्या पुण्याच्या भाचीने फोनवर चांगोच्या लाल-पांढऱ्या माळेचे छायाचित्र पाठवले होते आणि तीच हवी असा तिचा हट्ट होता. मी दुसऱ्या दिवशी दुपारी, वेगळे पैसे देऊन, ती माळ ओवून मागितली. मावशींनी लाल आणि पांढऱ्या मण्यांच्या पुड्या पुढ्यात घेतल्या आणि मग हात थांबवून विचारले, “ताई, गळ्यात घालणार कोण? लग्न झालंय की व्हायचंय?” भाची अविवाहित आहे आणि नोकरीच्या मुलाखतीसाठी धारवाडलाही येणार आहे, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “मग मी नाही ओवत. चांगो तिकडचा देव असेल हो, पण इकडं लाल-पांढरे मणी बघून लोकांना सौंदत्तीच आठवणार.”

ज्यांनी या सीमाभागात आयुष्य काढले आहे त्यांना यापुढे काही सांगण्याची गरज नाही, पण इतरांसाठी लिहिते. सौंदत्तीच्या डोंगरावरील यल्लम्मा, म्हणजे आपली रेणुका, हिला मुलगी वाहताना तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधत; कन्नडमध्ये त्याला मुत्तू बांधणे म्हणतात, आणि एकदा मुत्तू बांधले की त्या मुलीचे लग्न होत नसे. मुंबई प्रांतात, ज्यात तेव्हा बेळगाव होते, १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा आला. कर्नाटकाने १९८२ मध्ये मुली वाहण्यास मनाई करणारा कायदा केला. कायद्यानंतरही ही माळ लोकांच्या स्मरणातून गेलेली नाही. माझ्या लहानपणी निपाणीच्या बाजारात लाल-पांढरे मणी गळ्यात असलेल्या जोगतिणी परडी घेऊन येत, आणि आई त्यांना पीठ वाढताना मान खाली घालत असे. ते भक्तीने की संकोचाने, हे मी तिला कधी विचारले नाही.

क्यूबात चांगोचे लाल-पांढरे मणी बळाचे आणि न्यायाचे आहेत, आणि आमच्या डोंगरावरचे तेच दोन रंग एका मुलीच्या आयुष्यावर घातलेल्या बंधनाचे. दोन्ही ठिकाणी माळ घालणाऱ्यावर काहीतरी बंधन येते, एवढे साम्य मात्र खरे आहे. बाजारातील एखाद्या दुकानदाराने हा विचार न करता पैसे घेतले असते. पत्रकातील तक्ता करणाऱ्यानेही तो केलेला दिसत नाही, कारण तक्त्यात लाल-पांढऱ्यासमोर ‘धैर्य व पदोन्नती’ असे छापले आहे. मावशींनी गिऱ्हाईक परत पाठवण्याची तयारी ठेवली, आणि माझ्या दृष्टीने या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. भाचीला मी फोन लावून दिला. ती पाच मिनिटे वाद घालत होती, मग गप्प झाली आणि म्हणाली, निळी-पांढरी चालेल.

जेवणाच्या वेळी एकीने विचारले की या माळा आपल्याकडच्या सिद्दी लोकांच्या का. प्रश्न स्वाभाविक होता, कारण हल्याळ, यल्लापूर भागात आणि आमच्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातही सिद्दी वस्त्या आहेत आणि त्यांचे पूर्वज आफ्रिकेतूनच आले. मावशींनी वही चाळली, तीत उत्तर नव्हते, म्हणून त्या ‘माहीत नाही’ म्हणाल्या आणि विषय सोडला. उत्तर मी येथे देते. सिद्दींचे पूर्वज मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून अरब आणि पोर्तुगीज व्यापारामार्गे, बरेचसे गोव्याकडून, आले. योरुबांची भूमी खंडाच्या दुसऱ्या टोकाला आहे. इकडच्या सिद्दी बायकांची ख्याती जुन्या कापडांचे तुकडे जोडून शिवलेल्या कवंदीसाठी आहे, जिला आपण वाकळ किंवा कौदी म्हणतो. त्यांच्या नावाने ओरिशांच्या माळा विकणे म्हणजे कोकणी माणसाच्या नावाने काश्मिरी शाल विकण्यासारखे होईल. मणी आणि आफ्रिका यांचा भारताशी असलेला खरा धागा वेगळाच आहे: गुजरातेत भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर या सिद्दी पीराचा दर्गा आहे, अकिकाचा व्यापार वाढवण्याचे श्रेय परंपरा त्यांना देते, आणि तेथील दगड तापवून लाल केलेले अकिकाचे मणी खंभातमार्गे शतकानुशतके पूर्व आफ्रिकेला जात होते. दक्षिण आफ्रिकेतील मापुंगुब्वे येथे, अकराव्या ते तेराव्या शतकातील वस्तीत, भारताकडून गेलेले काचमणी सापडले आहेत. वहीत हे पान जोडावे अशी सूचना मी केली आहे.

तक्रारीही आहेत. जिना अतिशय अरुंद आणि अंधारा आहे, गुडघेदुखीच्या माणसाने तो टाळावा. दुपारी वीज गेली आणि ८ नंबरचे मणीसुद्धा खिडकीशी बसल्याशिवाय दिसेनात. सातजणींना एक खिडकी पुरत नाही. मोठी तक्रार कवड्यांची. अनेकींनी सात-सातच्या फेऱ्यांमध्ये कवडी घालून घेतली, मीही घातली, आणि माझी माळ नवव्या दिवशी बसमध्ये तुटली. कवडीच्या पाठीला पाडलेल्या भोकाची कड काचेहूनही धारदार असते. ती पॉलिश पेपरने घासून बोथट करायला हवी होती, आणि मण्यांसाठी इतकी सूक्ष्म निवड करणाऱ्या मावशींकडून ही चूक अपेक्षित नव्हती. आपल्याकडे आराध्यांच्या कवड्यांच्या माळा जाड सुतळीवर गाठून का करतात, याचे कारण मला त्या बसच्या फरशीवरून मणी वेचताना उमगले. ३३६ पैकी ३०१ मिळाले. मावशींनी माळ विनामूल्य पुन्हा ओवून दिली आणि पुढच्या वर्गापासून कड घासूनच कवडी देऊ असे सांगितले, पण निपाणी ते बेळगाव आणि परत हे भाडे माझ्याच खिशातून गेले.

ज्यांना शिकायचे नसून केवळ माळ करून हवी आहे, त्यांना एकसरी माळ ६५० रुपयांत मिळते आणि साधारण आठवडा लागतो. क्रम आणि लांबी तुम्ही सांगावी, रंगाचा अर्थ मात्र त्या विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि मंगळसूत्रांच्या कामापुढे बाकी सगळे तीन-तीन आठवडे मागे पडते, म्हणून ज्यांना वर्गाला जायचे असेल त्यांनी दिवाळीपूर्वी जावे, स्वतःचा चष्मा आणि एक जुना सुती पंचा बरोबर न्यावा, आणि खिडकीजवळची जागा सकाळी दहाच्या आत धरावी. भाचीची निळी-पांढरी माळ गेल्या आठवड्यात पुण्याला पोचली. कवडी न घालता.